चवदार तळ्याची शंभरी: सरकारी नियोजन उलट मोजणीने कसं करावं

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी गावोगावहून आलेले लोकही त्यांच्यामागून उतरले आणि पाणी प्यायले. २० मार्च २०२७ ला या घटनेला शंभर वर्षं होतात.

महसूल खात्यात मी २८ वर्षं काढली. त्यातला बराच काळ यात्रा, जयंत्या, पुण्यतिथ्या आणि मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात गेला. एवढ्या मोठ्या शताब्दीचं शासकीय नियोजन पायरीपायरीने कसं व्हावं, ते इथे मांडतो आहे. प्रांत, तहसीलदार, मुख्याधिकारी, समाजकल्याणचे अधिकारी यांना हे उपयोगी पडेल. शासनाच्या मागे लागून कामं करून घेणाऱ्या कार्यकर्त्यांना तर नक्कीच पडेल, कारण कोणता कागद कुठे अडतो हे माहीत असलं की पाठपुरावा सोपा जातो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. महाडला लोक शासनाने बोलावलं म्हणून येत नाहीत. दर वर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला ते स्वतःच्या पैशाने, एसटीने, टेम्पोने, भाकरी बांधून येतात. म्हणून पहिल्याच बैठकीत ‘कार्यक्रम काय ठेवायचा’ हा प्रश्न घेतला की सगळं व्यासपीठाभोवती फिरायला लागतं. ‘येणाऱ्या माणसाला काय काय लागेल’ इथून सुरुवात करावी.

पहिली पायरी: नेमकं काय साजरं करायचं ते लिहून काढा

महाडची शताब्दी एका दिवसाची नाही. १९२७ साली या गावात दोन परिषदा झाल्या. पहिली १९ आणि २० मार्चला. तळ्यावरून लोक परतले, आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवायला बसलेल्या, घरी निघालेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्यानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळं सर्वांना खुलं केलं होतं. आपला तो ठराव नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. मग २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टाचा मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आलं नाही. ज्या दाव्यात हा हुकूम निघाला तो पुढे जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या की आराखडा आपसूक तयार होतो. १७ मार्च २०२७ ला निकालाची नव्वद वर्षं, १९-२० मार्चला परिषद आणि तळं, ४ ऑगस्टला रद्द झालेल्या ठरावाची शताब्दी, २५ ते २७ डिसेंबरला दुसरी परिषद. ४ ऑगस्टसाठी माझी एक सूचना आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. महाड नगरपरिषदेने त्या दिवशी विशेष सभा बोलवावी, १९२४ चा ठराव सभागृहात मोठ्याने वाचावा, १९२७ ची माघार इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि तळं सर्वांचं असल्याचा ठराव पुन्हा एकमताने करावा. मांडव लागत नाही, निविदा लागत नाही. नगरपालिकेच्या दप्तरातली एक जखम नगरपालिकेच्याच दप्तरात भरून येईल.

शासकीय कार्यक्रमांचा नेहमीचा रोग असा की पहिल्या तारखेला सगळा पैसा आणि सगळा उत्साह संपतो. महाडबाबत तो टाळायचाच असेल तर डिसेंबरचा खर्च सुरुवातीलाच वेगळा बांधून ठेवावा.

दुसरी पायरी: पंचांग आणि कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, तरी ते वगळलं जातं. २० मार्च २०२७ ला शनिवार आहे आणि फाल्गुन पौर्णिमा आहे २२ मार्चला. म्हणजे ऐन शिमग्याची जोडसुट्टी! मुंबई-ठाण्याचे चाकरमानी त्याच शुक्रवारी रात्री मुंबई-गोवा महामार्गावर उतरणार आणि महाड त्याच रस्त्यावर आहे. ज्यांनी गणपतीतली माणगावची कोंडी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अवजड वाहनांची बंदी, एसटीच्या जादा गाड्या, महामार्ग पोलिसांची कुमक या सगळ्याचं नियोजन शिमगा आणि शताब्दी असं एकत्रच करावं लागेल. कोकण रेल्वेचं वीर स्थानक महाडला जवळ आहे. तिथे गाड्यांना जादा थांबा आणि स्थानकापासून गावापर्यंत एसटी, ही मागणी रेल्वेकडे निदान सहा महिने आधी लेखी जायला हवी.

पुढे जनगणना. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे, म्हणजे फेब्रुवारीभर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक घरोघरी प्रगणनेत असतील. मार्चमध्ये शाळांच्या परीक्षा आणि विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन. फेब्रुवारीत ‘आता स्थानिक कर्मचारी लावू’ असं म्हणणाऱ्याला माणूस मिळणार नाही. प्रशिक्षण आणि नेमणुकांचे आदेश डिसेंबर २०२६ मध्येच निघावेत.

२५ डिसेंबर २०२७ लासुद्धा शनिवार आहे. नाताळची सुट्टी, रायगडावर पर्यटक, कोकणातली हॉटेलं भरलेली. शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं मुक्कामासाठी आधी ताब्यात घेतली नाहीत तर लांबून आलेली कुटुंबं रस्त्याकडेला झोपतील.

तिसरी पायरी: शासन निर्णय

शासन निर्णय निघेपर्यंत सगळ्या बैठका म्हणजे चहापाणी असतं. तो सामाजिक न्याय विभागाने काढावा आणि सांस्कृतिक कार्य, नगरविकास, सार्वजनिक बांधकाम, गृह, आरोग्य, शालेय शिक्षण यांची जबाबदारी त्यात नावानिशी लिहावी. मसुद्यात काय आहे यापेक्षा काय सुटलं आहे ते बघावं. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते, आहे का? आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून वाटणारा अधिकारी, कोण? स्थानिक खरेदीचे अधिकार कोणाला आणि किती? समितीची मुदत कधी संपते?

मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. समिती मार्च २०२८ पर्यंत जिवंत राहायला हवी, नाहीतर डिसेंबरच्या परिषदेचा हिशोब द्यायला कोणीच उरत नाही.

समित्या तीन पुरे. राज्याची सुकाणू समिती मुंबईत, कार्यकारी समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि स्थानिक समिती महाडला. सदस्य सचिव मात्र महाडचा प्रांताधिकारी असावा असं माझं ठाम मत आहे. अलिबाग महाडपासून शंभरेक किलोमीटर आहे. पाण्याचा टँकर कुठे अडकला हे अलिबागहून कळत नाही. स्थानिक समितीत आंबेडकरी संघटनांचे प्रतिनिधी ‘निमंत्रित’ म्हणून न घेता पूर्ण सदस्य म्हणून घ्यावेत, निदान एकतृतीयांश महिला असाव्यात आणि गावातल्या सर्व समाजांची माणसं असावीत. संघटना अनेक आहेत, गट अनेक आहेत, सगळ्यांना सामावून घेताना बैठक लांबते. लांबू द्यावी. बैठकीत दोन तास वाद परवडतो, तळ्याच्या काठावर दोन मिनिटांचा परवडत नाही.

चौथी पायरी: दोन आर्थिक वर्षं, दोन पाकिटं

मार्चचा कार्यक्रम २०२६-२७ च्या आर्थिक वर्षात पडतो आणि डिसेंबरचा २०२७-२८ च्या. २० मार्चनंतर अकरा दिवसांनी वर्ष संपतं, न खर्चलेला निधी परत जातो. देयकं २५ मार्चपर्यंत कोषागारात गेली नाहीत तर पाणी पुरवणाऱ्या, मांडव घालणाऱ्या छोट्या कंत्राटदाराचे पैसे महिनोन्महिने लटकतात. कोकणातल्याच एका तालुक्यात मी हे पाहिलं आहे. जयंतीच्या जेवणाचं बिल निघायला एका बचत गटाला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागलं आणि त्या बायकांनी किराणा उधारीवर भरलेला होता. त्यांच्यासमोर उभं राहायची लाज मला अजून वाटते. म्हणून देयकं तपासायला लेखा शाखेचे दोन कर्मचारी १९ मार्चपासून महाडलाच बसवा.

मूळ अर्थसंकल्पात तरतूद राहिली असेल तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या हे पुढचे दरवाजे. जिल्हा नियोजन समितीकडून छोटी कामं घेता येतात, त्यासाठी पालकमंत्र्यांना वेळेवर पत्र द्यावं लागतं. कामांची यादी दोन रकान्यांत करा. शंभर वर्षांनीही राहील ते एका रकान्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून न्यायचं ते दुसऱ्यात. स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, गटारं, तळ्याभोवतीचं दिव्यांचं काम, अपंगांसाठी उतार पहिल्या रकान्यात. मांडव, कमानी, फ्लेक्स दुसऱ्यात. दुसरा रकाना फुगायला लागला की हात आखडता घ्या.

पाचवी पायरी: बांधकामाची घाई करू नका

शताब्दी म्हटलं की पुतळा, स्तंभ, प्रवेशद्वार आलंच. महाडला तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा आहे, क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारक आहे. आहे ते दुरुस्त, स्वच्छ आणि चालू ठेवणं हे नव्या शिलान्यासापेक्षा अवघड काम आहे आणि तेच आधी करायला हवं.

महाराष्ट्राने अलीकडेच दोन धडे घेतले आहेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. दुसरा धडा नागपूरचा. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचं काम सुरू होतं, स्तूपाला धोका पोहोचेल या भीतीने १ जुलै २०२४ ला हजारो अनुयायी तिथे जमले आणि शासनाला ते काम थांबवावं लागलं. म्हणून चवदार तळ्याच्या परिसरात कुदळ पडण्याआधी नकाशा गावात लावा, मराठीत लिहा, महिनाभर हरकती घ्या आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या.

महाडला आणखी एक अट निसर्गाने घातली आहे. गाव सावित्री आणि गांधारीच्या कुशीत आहे. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ बुडाली होती. नवीन काही बांधायचं तर पूररेषा बघून. प्रदर्शनातली मूळ कागदपत्रं, छायाचित्रं, संगणक वरच्या मजल्यावर. आणि जून ते सप्टेंबर इथे बाहेरचं काम होत नाही हे धरून चाला. मार्च २०२७ साठीच्या कामाचा कार्यारंभ आदेश पावसाळ्यापूर्वी हातात असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने नीट मिळतात. ३१ जानेवारीनंतर कोणतंही काँक्रीट नको, फक्त रंगरंगोटी आणि तपासणी.

सहावी पायरी: पाणी, सावली, शौचालय

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यावर. १९२७ च्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी महाडमध्ये पाणी मिळेना, तेव्हा आयोजकांनी चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं होतं. ज्या गावात माणसांना पाण्यासाठी लढावं लागलं, त्या गावात शताब्दीच्या दिवशी एका बाईला, एका पोराला वीस रुपयांची बाटली घ्यावी लागली तर नियोजन फसलं असं खुशाल समजावं.

आधी माणसं मोजा. अंदाज बांधू नका. शताब्दीच्या आधीच्या २० मार्चला आणि २५ डिसेंबरला प्रवेशाच्या प्रत्येक वाटेवर दर तासाची मोजणी करा, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) कॉलेजची मुलं हे उत्तम करतात. त्या आकड्याच्या कितीतरी पट लोक शताब्दीला येतील असं धरून हिशोब मांडा. समजा एक लाख माणसं आली आणि माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी धरलं, तर तीन लाख लिटर झालं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या तीस खेपा. गर्दीत टँकर आत शिरत नाही, म्हणून साठवण टाक्या आदल्या रात्री भरून ठेवायच्या आणि नळांच्या रांगा बसवायच्या. प्रत्येक टाकीवर क्लोरीन तपासणीची वेळ आणि सही असलेला कागद चिकटवा.

दुसरं ऊन. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात भर दुपारी उघड्या मैदानात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. खारघर याच रायगड जिल्ह्यात आहे. मार्चमधलं कोकणातलं ऊन घामाने माणसाला रिकामं करतं. सभा सकाळी दहाच्या आत संपवा, दुसरी सायंकाळी पाचनंतर घ्या. दुपारी फक्त सावली, पाणी, ताक, प्रदर्शनं आणि पुस्तकांचे स्टॉल. रांग उभी राहील तिथे डोक्यावर कापड हवंच.

तिसरं, स्त्रियांची शौचालयं. येणाऱ्यांत निम्म्या बाया असतात आणि पुरुषांइतकीच शौचालयं त्यांना पुरत नाहीत, कारण त्यांना वेळ जास्त लागतो, सोबत लेकरं असतात. दुप्पट धरा. फिरती शौचालयं आणली तर पाणी भरणारा, मैला उपसणारा आणि रात्री दिवा लावणारा अशी माणसं नेमा. दिवा नसलेल्या शौचालयात रात्री कोणी बाई जात नाही. आणि सफाईचं काम ज्यांच्याकडे जाईल त्यांना हातमोजे, गमबूट, दुप्पट मजुरी आणि यंत्रं द्या. समतेच्या शताब्दीला कोणालाही हाताने मैला उचलायला लावायचा नाही, हे कंत्राटाच्या अटींत लिहा.

वाहतुकीसाठी नवं काही शोधायला नको. कोरेगाव भीमाला १ जानेवारीला पुणे जिल्हा प्रशासन वाहनं लांब थांबवून तिथून बसने लोकांना विजयस्तंभापर्यंत नेतं. ६ डिसेंबरला मुंबई महापालिका शिवाजी पार्कवर निवारा, पाणी, आरोग्याची सोय करते. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना महाडला बोलवून एक दिवस त्यांचं ऐका.

चवदार तळं गावाच्या मधोमध आहे, वाटा अरुंद आहेत. म्हणून येणं एका बाजूने आणि जाणं दुसऱ्या बाजूने. काठावर पोहणारे जीवरक्षक, पायऱ्यांवरचं शेवाळ आधी घासून काढलेलं. आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी तळ्याची रांग थांबवायची नाही. मंत्र्यांनी सकाळी सहाला यावं किंवा रांगेतून यावं. जिथे वाट अडवली गेली म्हणून सत्याग्रह झाला, तिथे बांबू आडवा टाकून म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं मला सहन होत नाही.

सातवी पायरी: अफवेचा बंदोबस्त

१९२७ चा रक्तपात अफवेने घडवला. आज ती मोबाइलवरून काही मिनिटांत पसरते. महिनाभर आधीपासून शांतता समितीच्या बैठका वाडीवाडीत घ्या, फक्त पोलीस ठाण्यात नको. शिमग्याच्या पालख्यांचे मार्ग आणि वेळा त्याच बैठकीत ठरवा. नियंत्रण कक्षातून दर तासाला खरी माहिती एकाच ठिकाणाहून द्या: रस्ता कुठे बंद, पाणी कुठे, हरवलेलं मूल कुठे.

आठवी पायरी: सांगायचं काय

प्रदर्शनाचा मजकूर छापायला जाण्याआधी तीन अभ्यासकांनी वाचलेला हवा आणि त्यात माणसं दिसायला हवीत. परिषदेसाठी गावोगाव फिरणारे रामचंद्र बाबाजी मोरे. बाबासाहेबांच्या सोबत उभे राहिलेले अनंतराव चित्रे आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा स्वतःची जमीन देणारे फत्तेखान. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळा संवाद साधला, त्यालाही मोठी जागा द्यावी. त्या परिषदेसाठी ते बोटीने दासगाव बंदरावर उतरले होते. दासगाव ते महाड ही वाट २५ डिसेंबरला चालण्यासाठी सावली, पाणी आणि फलकांसह तयार करता येईल.

महाड, पोलादपूर, माणगावच्या घराघरांत या दिवसाच्या आठवणी आजीआजोबांकडून आलेल्या आहेत. बार्टीने (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेने) त्या ध्वनिमुद्रित करून, परवानगी घेऊन जतन कराव्यात. हे काम मार्चच्या गर्दीत होणार नाही, ते आदल्या पावसाळ्यातच करावं. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासकीय खंड पुरेशा प्रती छापून २० मार्चला स्टॉलवर असायला हवेत. लोक पुस्तकांसाठी पैसे साठवून येतात, त्यांना ‘संपले’ असं सांगू नका.

दुसऱ्या राज्यातलं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. केरळात मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना जाऊ द्यावं म्हणून झालेल्या वायकोम सत्याग्रहाच्या शताब्दीची सुरुवात १ एप्रिल २०२३ ला केरळ आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी एकत्र केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे त्या सत्याग्रहात उतरलेले तमिळ नेते पेरियार यांचं नूतनीकरण केलेलं स्मारक आणि ग्रंथालय खुलं झालं. दीड वर्षाहून जास्त काळ विषय धरून ठेवला गेला.

नववी पायरी: शंभरीचं खरं काम

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत उन्हाळ्यात आजही टँकर फिरतात. पावसाळ्यात कोसळणारं पाणी मे महिन्यात हंडाभर मिळत नाही, आणि वस्ती टोकाला असेल तर नळाचा दाबही तिथपर्यंत पोहोचत नाही. शताब्दीच्या आराखड्यात एक काम असं हवं: या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक बौद्ध, दलित आणि आदिवासी वस्तीची पाणी तपासणी. नळ आहे का, एप्रिलमध्ये पाणी येतं का, गावाची सार्वजनिक विहीर सर्वांना वापरता येते का. मार्चपूर्वी यादी, २५ डिसेंबरपर्यंत कामं. पालकमंत्र्यांनी परिषदेच्या दिवशी भाषणाऐवजी ही यादी वाचून दाखवावी, वस्तीचं नाव आणि पुढे झालेलं काम.

दहावी पायरी: २१ मार्चची सकाळ

सफाईचा चमू पहाटे चारला तळ्यावर हवा. शिमग्याचा दिवस आहे, माणसं सुट्टी मागतील, म्हणून पाळ्या आधीच बांधा आणि बाहेरच्या नगरपरिषदांतून कुमक घ्या. प्लास्टिक, चपला, फुलं वेगळी करा. तळ्याच्या पाण्याचे नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल काठावरच्या फलकावर लावा.

आठवड्याच्या आत आढावा बैठक घ्या. त्यात टँकरचालक, रुग्णवाहिकेतला डॉक्टर, शौचालयावरचा कामगार, स्टॉल लावणारा पुस्तकविक्रेता आणि लांबून आलेल्या दोन-चार बाया यांना आधी बोलू द्या, अधिकारी मागाहून. काय कमी पडलं ते जागेच्या नकाशावर लाल पेनाने खुणा करून ठेवा. तोच नकाशा डिसेंबरच्या पहिल्या बैठकीत टेबलावर पसरायचा आहे.